हमीचा भाव आणि दुकानाचे कुलूप

दिवाळी अंकातला इतिहासाचा लेख म्हटला की वाचक शिवकाळापर्यंत, पेशवाईपर्यंत, फार तर कंपनी सरकारपर्यंत मागे जाण्याची तयारी करून बसतात. आज मी ज्या इतिहासाविषयी लिहिणार आहे, तो जेमतेम दोन तपांचा आहे. त्यात तलवारी आहेत, राक्षस आहेत, लढायाही आहेत. पण त्या साऱ्या पडद्यावरच्या. खरी लढाई झाली ती दुकानदारांमध्ये. संगणकावर खेळायचे खेळ विकणारी ही दुकाने. त्यांना ना ओटा, ना फळी, ना गल्ला. माल तारेतून घरी येतो आणि पैसेही तारेतूनच जातात. घरातली मुले या विषयात आपल्यापेक्षा जाणती आहेत, हे मी जाणून आहे. म्हणून माझी सूचना अशी की, फराळाचे ताट पुढे असताना वडीलधाऱ्यांनी हा लेख मोठ्याने वाचावा. मुले ऐकतील, आणि बहुधा वादही घालतील.

मी नरडाण्याचा. धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यात, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे हे स्टेशन. मुंबई-आग्रा रस्ताही आमच्याच अंगावरून जातो. अमेरिकेतल्या दुकानदारांच्या भांडणावर नरडाण्याच्या माणसाने काय म्हणून बोलावे, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर एका शब्दाचे आहे : कापूस. एकाच दाराने माल विकावा लागणे म्हणजे काय, हे खानदेशाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. तो धडा आम्ही तीस वर्षे गिरवला आहे.

महाराष्ट्र शासनाने १९७१ साली कच्च्या कापसाच्या खरेदीचा कायदा केला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने आपला कापूस शासनाने नेमलेल्या संस्थेलाच द्यायचा. गावच्या व्यापाऱ्याला किंवा जिनवाल्याला परस्पर विकायचा नाही. त्या बदल्यात शासन त्याला हमीभाव देणार, आणि रुईच्या विक्रीत नफा झाला तर त्यातला वाटाही मागाहून देणार. हेतू उत्तम होता. अडत, तोलाई, कडता अशा नाना वाटांनी शेतकऱ्याच्या गाठोड्याला भोके पडत; ती बुजवावीत, आणि पीक घरात आले की भाव पडतो या जुन्या दुःखातून त्याला सोडवावे, असा तो विचार होता. ज्या वर्षी बाहेर भाव पडलेला असे, त्या वर्षी हमीभावाने अनेकांची चूल पेटती ठेवली, हे कोणीही प्रामाणिक माणूस नाकारणार नाही.

पण ज्या वर्षी बाहेर भाव चढा असे, त्या वर्षी कायद्याचे दार घशाशी येई. एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश. रात्रीच्या अंधारात कापूस सीमेपलीकडे जाई. उलट, आमच्याकडचा भाव चढा असला की पलीकडचा कापूस गुपचूप इकडे येई. पाण्याने उतार शोधावा तसा माल भाव शोधतो. त्याला नाके आणि पावत्या दीर्घकाळ अडवू शकत नाहीत. पुढे योजनेचा तोटा वाढत गेला, पैसे मिळण्यास उशीर होऊ लागला, आणि अखेर २००२ साली खाजगी व्यापाऱ्यांना दार उघडून द्यावे लागले. आमच्या अहिराणीत सांगायचे तर, ‘माल आपला, पन दार सरकारनं’ अशी ती स्थिती होती. या तीस वर्षांतून मी दोन शब्द वेगळे काढून ठेवले आहेत : हमी आणि कुलूप. योजनेने दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून दिली होती. ती एकमेकांपासून सोडवता येतात की नाही, हाच माझ्या मते खरा प्रश्न. तो बरोबर घेऊन आता त्या बिनओट्याच्या दुकानांकडे वळू.

खेळांच्या व्यापारात कुलूप नवे नाही. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८५ साली आपले खेळयंत्र अमेरिकेत आणले. त्या यंत्रात कॅसेट खोचून खेळ खेळायचा. दुसऱ्या कोणाला त्या यंत्रासाठी खेळ करावयाचा असेल तर कंपनीचा परवाना घ्यावा लागे, आणि अट अशी की वर्षाला पाचच खेळ काढायचे व काढलेला खेळ दोन वर्षे दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर न्यायचा नाही. यंत्र तिचे, दार तिचे आणि किल्लीही तिचीच. त्या मानाने संगणकाचा बाजार मोकळा होता. खेळाची तबकडी कोणत्याही दुकानातून आणावी आणि कोणत्याही संगणकात घालावी. विक्रेत्याशी आपला संबंध तेवढ्यावर संपे.

हा संबंध कायमचा केला तो व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने. गेब न्यूवेल हे तिचे एक संस्थापक. १२ सप्टेंबर २००३ रोजी या कंपनीने ‘स्टीम’ नावाची व्यवस्था सुरू केली. आरंभीचा हेतू साधा होता : कंपनीच्या स्वतःच्या खेळांत होणाऱ्या दुरुस्त्या खेळाडूंच्या संगणकावर आपोआप पोहोचाव्यात. परंतु १६ नोव्हेंबर २००४ रोजी ‘हाफ-लाइफ २’ हा बहुप्रतीक्षित खेळ बाहेर आला, तेव्हा दुकानातून तबकडी विकत आणणाऱ्यालाही स्टीमवर खाते उघडल्यावाचून तो खेळता येईना. लोक चिडले. ज्या स्टीमच्या नावाने पुढे खेळाडू शपथा घेऊ लागले, त्या स्टीमचा पाळणाच मुळी सक्तीच्या दोरीने टांगलेला होता, हे इतिहासाने विसरू नये. २००५ सालापासून इतर मंडळींचे खेळही तेथे विक्रीला आले, आणि पाहता पाहता ती संगणकी खेळांची जगातली सर्वांत मोठी पेठ झाली. नोव्हेंबर २०१५ मध्ये तेथे रुपयांत किमती दिसू लागल्या आणि आपल्याकडच्या मुलांनाही ती पेठ आपली वाटू लागली.

या पेठेची अडत शेकडा तीस. शंभर रुपयांचा खेळ विकला गेला तर तीस रुपये दुकानाचे, सत्तर खेळ घडवणाऱ्याचे. आमच्या बाजारातल्या अडत्याने एवढी अडत मागितली असती तर गाड्या उलट्या फिरल्या असत्या. पण स्टीमच्या बाजूने बोलायचे तर त्या तिसांत पुष्कळ काही होते. खेळ साठवायला जागा, उतरवून घेण्याची सोय, गिऱ्हाइकांचे अभिप्राय, मित्रांशी गप्पा, आणि २०१५ पासून खेळ न आवडल्यास ठरावीक मुदतीत पैसे परत. गिऱ्हाईक खूश होते, आणि गिऱ्हाईक जेथे खूश असते तेथे माल विकणाऱ्याला जावेच लागते. ३० नोव्हेंबर २०१८ रोजी व्हॉल्व्हने जाहीर केले की एका खेळाची विक्री एक कोटी डॉलरच्या वर गेली तर पुढच्या विक्रीवर शेकडा पंचवीस आणि पाच कोटींच्या वर गेली तर वीस एवढीच अडत घेतली जाईल. सवलत मिळाली ती मोठ्यांना. लहान कारागिराचे तीस कायम राहिले.

त्यानंतर आठवडाभरातच, ६ डिसेंबर २०१८ रोजी, समोर नवे दुकान उघडले. एपिक गेम्स ही टिम स्वीनी यांची कंपनी. ‘फोर्टनाइट’ नावाच्या खेळाने तिच्या घरी पैशाचा पूर आणला होता. तिच्या दुकानाची अडत शेकडा बाराच. येथपर्यंतची गोष्ट कोणत्याही अर्थशास्त्राच्या शिक्षकाला आवडावी अशी आहे. एक मोठा दुकानदार, समोर दुसरा उभा राहतो, अडत उतरते, कारागीर सुखावतो. पण गिऱ्हाइकाने आपले जुने दुकान सोडून पलीकडे का जावे? अडत कमी झाल्याने त्याच्या खिशात काही पडत नव्हते, आणि जुन्या दुकानात त्याचे खाते होते, घेतलेले शेकडो खेळ होते, मित्र होते. तेव्हा एपिकने दोन युक्त्या केल्या. एक, दर काही दिवसांनी एखादा खेळ फुकट द्यायचा. दुसरी, गाजणार असे खेळ घडवणाऱ्यांना आगाऊ रक्कम देऊन सांगायचे की, हा खेळ संगणकासाठी वर्षभर तरी फक्त आमच्याच दुकानात ठेवा.

वादळ उठले ते या दुसऱ्या युक्तीमुळे. ‘मेट्रो एक्झोडस’ या खेळाची स्टीमवर आगाऊ नोंदणी चालू होती. २८ जानेवारी २०१९ रोजी अचानक जाहीर झाले की स्टीमवरची विक्री बंद, आता खेळ वर्षभर एपिककडेच मिळेल. खेळ यावयाला अवघे अठरा दिवस उरले होते. ज्यांनी आधी पैसे भरले होते त्यांना खेळ मिळाला. अमेरिकेत तर नव्या दुकानात त्याची किंमत दहा डॉलरनी कमीही होती. तरी चाहत्यांचा संताप आवरेना. त्या मालिकेतल्या जुन्या, निरपराध खेळांवर त्यांनी वाईट अभिप्रायांचा पाऊस पाडला. लेकीचा राग सुनेवर काढण्याचा हा प्रकार! पण त्यांच्या रागाच्या मुळाशी एक न्याय्य गोष्ट होती. मोठ्या कंपन्यांनी आपले खेळ आपल्याच दुकानात ठेवण्याची चाल पूर्वीपासून होती. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०११ साली स्वतःचे ‘ओरिजिन’ काढले ते त्याचसाठी. विणकराने आपले लुगडे आपल्या घरीच विकले तर त्याला कोण नावे ठेवील? येथे मात्र एका दुकानदाराने दुसऱ्याच्या फळीवरचा, परक्याने विणलेला माल पैसे देऊन उचलला होता. स्वतःचे दुकान सजवणे निराळे आणि शेजारच्याचे रिकामे करणे निराळे.

आता नाण्याची दुसरी बाजू. ती पाहिल्यावाचून निकाल देणे अन्यायाचे होईल, आणि येथेच मला माझा कापूस आठवतो. खेळ घडवायला तीन-चार वर्षे लागतात. त्या काळात पगार द्यायचे, घरभाडे द्यायचे, आणि शेवटी माल बाजारात उतरला की तो चालेल की पडून राहील, हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. कोरडवाहू शेती आणि हा धंदा यांत मला फारसा फरक दिसत नाही. अशा वेळी कोणी येऊन म्हणाला की, तुझा माल किती खपेल याचा हिशेब करून तेवढे पैसे मी आधीच देतो, तर ती रक्कम म्हणजे हमीभावच नव्हे काय? ‘ऊब्लेट्स’ हा गोंडस प्राण्यांचा खेळ करणारे एक अमेरिकन जोडपे होते. २०१९ साली त्यांनी एपिकची हमी घेतली, आणि तेवढ्यावरून त्यांना हजारो शिव्याशापांचे व धमक्यांचे संदेश आले. दुकानदारांच्या भांडणात मार मात्र कारागिराला! त्याच वर्षी आलेल्या ‘कंट्रोल’ या खेळाच्या एकाधिकारासाठी एपिकने ९४ लाख ९० हजार युरो मोजले, हे इटलीच्या डिजिटल ब्रोज कंपनीच्या हिशेबातून उघड झाले. या रकमांवर कामगारांचे पगार झाले, पुढच्या खेळांची बी-बियाणे आली. २०२३ सालचा ‘ॲलन वेक २’ हा खेळ तर एपिकच्या भांडवलावरच उभा राहिला. तो संगणकासाठी एपिकच्याच दुकानात मिळाला, आणि त्यात मला काही गैर दिसत नाही. ज्याने बी दिले त्याने पीक मागावे.

स्वीनी यांनी एप्रिल २०१९ मध्ये जाहीर आव्हान दिले की, स्टीमने सर्व कारागिरांना कायमचे शेकडा अठ्ठ्याऐंशी देण्याचे कबूल करावे; आम्ही एकाधिकाराचे करार थांबवू. स्टीमने आपले तीस सोडले नाहीत. २०२१ साली वुल्फायर या छोट्या कंपनीने अमेरिकेत व्हॉल्व्हवर दावा लावला. तिचे म्हणणे असे की, दुसऱ्या दुकानात अडत कमी असली तरी तेथे स्वस्त विकू नये असा स्टीमचा दबाव असतो. मग अडत उतरल्याचा लाभ गिऱ्हाइकापर्यंत पोहोचावा कसा? व्हॉल्व्हला हा आरोप मान्य नाही. पण प्रश्न मार्मिक आहे. भिंतीवर न टांगता हवेत टांगलेले कुलूप असू शकते, हे तो दाखवून देतो.

लढाईचा निकाल काय लागला? इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०१९ च्या अखेरीस पुन्हा स्टीमची पायरी चढली. यूबिसॉफ्ट स्टीम सोडून गेली होती. तीही २०२२ च्या डिसेंबरात परतली. स्वीनी यांनीच २०२४ साली मान्य केले की एकाधिकारावर ओतलेला पुष्कळसा पैसा फळला नाही. फुकट खेळ वाटण्याची युक्ती मात्र चांगली फळली. २०२५ च्या जूनपासून तर एपिकने प्रत्येक खेळाच्या वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलर विक्रीवरची अडत मुळातच सोडून दिली. म्हणजे सात वर्षांनी स्पर्धा फिरून योग्य जागी आली : फळी रिकामी करण्याऐवजी अडत उतरवण्यावर. माल पुन्हा आपला उतार शोधत वाहू लागला. मला सीमेवरचा कापूस आठवला तर नवल नाही.

या सगळ्यात मराठी मुलखाचा वाटा काय, असे वाचक विचारतील. तो आहे, आणि अभिमान वाटावा असा आहे. पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ नावाचा खेळ घडवला. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली राजी नावाची मुलगी, तिच्या पाठीशी दुर्गामाता आणि विष्णू, भोवती राजस्थानी धाटणीचे महाल. २०१७ साली त्यांनी लोकवर्गणीचा प्रयत्न केला. ठरवलेला आकडा गाठला गेला नाही आणि नियमाप्रमाणे एक छदामही हाती आला नाही. तरी मंडळी मागे हटली नाहीत. १८ ऑगस्ट २०२० रोजी ‘राजी’ जगापुढे आली ती निन्टेन्डोच्या ‘स्विच’ या यंत्रावर, त्या कंपनीच्या जाहीर कार्यक्रमातून, मुदतीच्या एकाधिकाराने. संगणकावर आणि इतर यंत्रांवर यायला १५ ऑक्टोबर उजाडला. त्या वर्षीच्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळांत तिला नामांकनही मिळाले.

पण एक गंमत, किंवा खंत, नोंदवलीच पाहिजे. स्विच हे यंत्र भारतात कंपनीने अधिकृतपणे विकायला आणलेलेच नव्हते. म्हणजे पुण्यात घडलेली, दुर्गेचे शस्त्र हाती घेतलेली ही मुलगी प्रथम ज्या दुकानात जाऊन बसली, त्या दुकानाचे दार पुण्याच्या मुलांना उघडे नव्हते. टोकियोच्या, लंडनच्या मुलांनी तिला आधी पाहिले. कोथरूडची आणि धुळ्याची मुले मागून. मी त्या कारागिरांना दोष देणार नाही. ज्याला घरच्या अंगणात वर्गणी मिळत नाही, त्याने परक्या ओट्यावर मान मिळत असेल तर तेथे जावे. आमच्या मुलखानेही आपला चांगला माल आधी बाहेरच पाठवलेला आहे. शिवाय मुदत अवघी अठ्ठावन्न दिवसांची होती. दोन महिन्यांच्या आत उघडणारे कुलूप आणि तीस वर्षे न उघडलेले कुलूप यांना एकाच तागडीत तोलणे बरोबर नव्हे.

नरडाण्याच्या पोरांकडे मात्र ना स्विच आहे, ना महागडा संगणक. त्यांचा खेळ फोनवर. आणि फोनवर दुकान म्हटले की बहुतेकांना एकच ठाऊक : गूगल प्ले. ते फोनबरोबरच येते; दुसरे शोधावे असे कोणाच्या मनातही येत नाही. खेळाच्या पोटात काही विकायचे झाले तरी पैसे गूगलच्याच गल्ल्यातून गेले पाहिजेत, अशी तेथे अट होती. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने या अटीबद्दल गूगलला ९३६ कोटी ४४ लाख रुपयांचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो २१६ कोटी ६९ लाखांवर आणला. पण वरचढ स्थितीचा गैरवापर झाला, हा निष्कर्ष बव्हंशी उभा ठेवला. पुढे वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. दिल्लीतल्या या खटल्याचा संबंध शिंदखेड्याच्या मुलाच्या दहा रुपयांशी कसा, हे आता वाचकांना समजावून सांगण्याचे कारण उरलेले नाही.

आणखी एक गोष्ट मुलांच्या कानावर घालतो. या दुकानांतून आपण खेळ ‘विकत घेतो’ म्हणतो, पण बहुधा घेतो ती खेळण्याची परवानगी. यूबिसॉफ्टने ‘द क्रू’ या खेळाची यंत्रणा ३१ मार्च २०२४ रोजी बंद केली, तेव्हा पैसे मोजून घेतलेला तो खेळ लोकांच्या घरी असूनही नसल्यासारखा झाला. त्यानंतर कॅलिफोर्नियाने कायदा केला की, विकता ती परवानगी आहे असे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने २००८ साली सुरू केलेल्या ‘जीओजी’ या दुकानात खेळाला असे कुलूप नसते. एकदा उतरवून घेतला की तो आपल्याकडे राहतो. दुकान लहान आहे, पण आहे. बाजारात अशी चार दुकाने असली की बाकीच्यांना लाज राहते.

एकाधिकार म्हटला की आमच्या भागात कोणी हात जोडतो तर कोणी कपाळाला हात लावतो. दोघांचेही बरोबर असते, कारण एक हमीविषयी बोलत असतो आणि दुसरा कुलपाविषयी. दुकान कापसाचे असो वा खेळांचे, मी तीन प्रश्न विचारतो. कुलूप कोणी लावले? त्याची किंमत कोणाच्या हाती पडली? आणि ते कधी उघडणार? बी-बियाण्याला पैसे देऊन, मुदत सांगून, कारागिराच्या खुशीने घातलेली कडी मी समजू शकतो. पण दुसऱ्याची फळी रिकामी करण्यासाठी घातलेले, किंवा गिऱ्हाइकाच्या नकळत त्याच्या फोनबरोबरच आलेले कुलूप निराळे. कारागिराला हमी द्यायला आज दुकानांपाशी पैसा आहे. ती हमी देताना गिऱ्हाइकाची वाट अडवलीच पाहिजे असे नाही, एवढे या दोन तपांनी सिद्ध केले आहे. आमच्या शेतकऱ्याचे मागणे तरी याहून निराळे कोठे होते? भाव खात्रीचा मिळावा आणि गाडी कोठे न्यायची ते आपल्या बैलांना आपण सांगावे, एवढेच.